भुयारी गटार की वेळापत्रकाने मैलाउपसा? लहान शहरांसाठी तुलना

नगरपरिषदेत सांडपाण्याचा विषय निघाला की पहिली मागणी भुयारी गटाराची होते. मागणी रास्त आहे, पण मैला वाहून जायला पाणी लागतं. ही गटारं माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून आखतात. दिवसाआड नळ येणाऱ्या गावात तेवढं पाणी कुठून येणार? चेंबर तुंबायला लागतात. शिवाय जोडणीचे पैसे घरमालकाने भरायचे असतील, तर मोठ्या रस्त्यावरचे बंगले आधी जोडले जातात आणि बोळातली, नाल्याकाठची घरं मागे राहतात.

वाई आणि सिन्नर यांनी २०१८-१९च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथे सेप्टिक टँक तुंबण्याची वाट बघत नाहीत. गाडी भागाभागाने फिरते आणि साधारण दर तीन वर्षांनी टाकी उपसते. उपशाच्या वेळी घरमालकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, खर्च करातून भागवला जातो. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एकरकमी पैसे द्यायचे म्हटलं की हातावर पोट असलेलं घर उपसा पुढे ढकलतं आणि मैला उघड्या गटारात उतरतो.

अडचणी इथेही आहेत. कित्येक टाक्यांची झाकणं फरशीखाली गाडलेली असतात. ती फोडल्याशिवाय पाइप आत जात नाही. अरुंद गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, तिथे छोटी गाडीच हवी. आणि स्वयंपाकघर-मोरीचं पाणी नाल्यातच राहतं. नाला अडवून ते पाणी शुद्ध करण्याची सोय वेगळी करावी लागते.

पुनर्वापरात भुयारी गटाराचं पारडं जड आहे. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून निघणारं पाणी फार तर झाडांना पुरेल. पण नुसता प्रकल्प बांधून भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीत देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होतं. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ होती आणि प्रत्यक्षात प्रक्रिया झाली ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर.

म्हणून माझं मत असं: नळाला रोज पुरेसं पाणी, दाट वस्ती आणि जवळ पाणी विकत घेणारा कारखाना असेल तर भुयारी गटार घ्या. नसेल तर आधी मैलाउपसा आणि नाल्याची सोय करा. दोन्हींत सफाईच्या यंत्राची तरतूद निविदेतच लिहून घ्या. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि पंपांचं वीजबिल कोणत्या खात्यातून भरणार, हे ठराव मंजूर होण्याआधी सभेत विचारा.