हजार पानी फॅन्टसी: रीडरवर वाचू का कागदावर?

ऑफिसातल्या एका मुलीने परवा विचारलं, ताई मी व्हील ऑफ टाइम ही फॅन्टसी मालिका सुरू करतेय, पुस्तकं घेऊ का किंडल (अमेझॉनचा ई-बुक रीडर) घेऊ. मी डबा संपेपर्यंत बोलतच होते आणि तरी अर्धं राहिलं, ते इथे लिहितेय.

साधी तीनशे-चारशे पानांची कादंबरी असेल तर कशावरही वाचा, काही फरक पडत नाही. ह्या मालिकांचं प्रकरण वेगळं. व्हील ऑफ टाइमचे १४ भाग, वर एक प्रीक्वेल, म्हणजे आधीची गोष्ट. पहिला आला १९९० ला, मधे २००७ ला रॉबर्ट जॉर्डन गेले, शेवटचे तीन ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले आणि २०१३ ला एकदाची मालिका संपली. सगळं मिळून ४४ लाखांच्या आसपास शब्द. पुढची दीड-दोन वर्षं पर्समध्ये काय वागवायचं ते ठरवताय असंच समजा.

तर आधी वजन. मी डोंबिवली-दादर करते. सकाळी नशिबाने चौथी सीट मिळाली तरी अर्धं बूड बाहेर, मांडीवर बॅग, एक हात कशाला तरी धरलेला आणि उरलेल्या हातात मावेल ते वाचायचं. सातशे-आठशे पानांचा पेपरबॅक एका हाताने उघडा धरून बघा एकदा. अंगठा मधे घालून दाबून ठेवावा लागतो, ठाणं येईपर्यंत मनगट बोंबलायला लागतं, पान उलटायचं तर शेजारणीला "एक मिनिट हां" म्हणावं लागतं. हल्लीचं किंडल पेपरव्हाइट २११ ग्रॅमचं, अंगठा टेकवला की पान पुढे. इथे तुलनाच नाही. तुमचं सगळं वाचन लोकलमध्येच होणार असेल तर खालचं काही न वाचता रीडर घ्या आणि मोकळे व्हा.

कागदात अजून एक भानगड म्हणजे तुकडे. आपल्याकडे बऱ्याचदा ब्रिटिश आवृत्त्या मिळतात आणि त्यात जाड भाग फोडलेले असतात. गेम ऑफ थ्रोन्सवाल्या मालिकेतल्या अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्सचे स्टील अँड स्नो आणि ब्लड अँड गोल्ड असे दोन, सँडरसनच्याच द वे ऑफ किंग्जचे पार्ट वन, पार्ट टू. मी ऑनलाइन मागवलं, दिवाळीत वाचू म्हणून खोका तसाच ठेवला, आणि दिवाळीत उघडते तर पार्ट टू! परत द्यायची मुदत कधीच संपलेली. चूक माझीही आहेच म्हणा, पण मागवताना पार्ट कितवा ते डोळे फाडून बघा.

आता खरा मुद्दा, ज्यावर माझ्या मते सगळं ठरतं: "हा कोण बुवा?"

दुसऱ्या भागात एका खानावळीत दोन वाक्यं बोललेला माणूस सहाव्या भागात सैन्य घेऊन येतो आणि लेखक असं लिहितो की जणू आपण त्याच्या लग्नाला जेवून आलोय. रीडरवर नावावर बोट दाबून धरायचं, सर्च करायचं, आधी कुठे कुठे आलाय ती यादी समोर. काही पुस्तकांना एक्स-रे नावाची सोय असते, तीही पात्राची माहिती देते. भारी वाटतं ना? पण सर्च पुस्तक शेवटपर्यंत धुंडाळतं, तुम्ही कुठवर आलात ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी एकदा असंच एकाचं नाव शोधलं आणि यादीच्या शेवटच्या ओळीत त्याच्या नावापुढे "चं प्रेत" होतं. तीनशे पानं बाकी होती अजून. शिवाय हे शोधणं हातातल्या भागापुरतं, माणूस दोन भाग आधीचा असेल तर तो भाग उघडून परत शोधा.

कागदावर सर्च नाही पण हाताला लक्षात राहतं. डावीकडचं पान, खालच्या बाजूला, जिथे माझ्या चहाचा डाग पडलाय त्याच्या आसपास. मलाझन मालिका (१० भाग, १९९९ ते २०११) मी अशीच वाचली कारण ती पहिल्याच भागात काही न सांगता तुम्हाला लढाईत ढकलून देते, पुढे पात्रांची यादी, मागे शब्दसूची, आणि दर दोन पानांनी दोन्हीकडे बघावं लागतं. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका मी यादीच्या पानात खुपसून ठेवलेली, बोट घातलं की तिथे. हेच रीडरवर केलं तर मेन्यू, गो टू, यादी, परत बॅक, प्रत्येक वेळी स्क्रीन काळीपांढरी लुकलुकते, पाचव्यांदा कंटाळा येतो आणि मग कोण कुणाला मारतंय हे न कळताच आपण पुढे वाचत राहतो. म्हणून मलाझनसारखं काही पहिल्यांदा वाचत असाल तर कागदच. व्हील ऑफ टाइम त्या मानाने हात धरून नेते, रीडरवर चालेल.

नकाशांचं विचारूच नका. सात इंची करड्या स्क्रीनवर शहरांची नावं म्हणजे मुंग्यांची रांग, झूम केलं की दोन सेकंद नुसतं धुकं. पेपरबॅकमध्ये तरी कुठे सुख, अख्खी नदी मधल्या बाइंडिंगमध्ये गडप होते. मी सरळ झेरॉक्स काढून रीडरच्या कव्हरमध्ये आतून चिकटवलाय.

रीडरवरचा टक्क्यांचा आकडाही दगा देतो. गेम ऑफ थ्रोन्सवाल्याच मालिकेतल्या अ डान्स विथ ड्रॅगन्सच्या शेवटी घराण्यांच्या याद्याच याद्या आहेत, त्याही टक्क्यात धरलेल्या. मी नव्वदीच्या पुढे गेल्यावर म्हटलं अजून तीन-चार प्रकरणं आहेत, चहा ठेवला, येऊन पान पुढे केलं तर गोष्ट संपलेली. कागदी पुस्तक हातात असतं तर मागची पानं एकदा फडफडवली असती की कळलं असतं.

पैशाचं थोडक्यात. रीडरला एकदम पंधरा-सतरा हजार जातात, पण घरात १४ ठोकळ्यांची जागा वाचते आणि पावसाळ्यात कसर नाही, बुरशी नाही. जुनी पुस्तकं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर स्वस्त मिळतात, फक्त भाग एक, दोन आणि पाच मिळतात, तीन कधीच नाही. आणि ई-बुक आपलं म्हणजे किती आपलं हाही प्रश्न आहेच, २००९ मध्ये अमेझॉनने ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर उडवली होती, २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडून घेतलेलं ई-बुक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोयही काढून घेतली. मैत्रिणीला वाचायला देणं तर दूरच.

त्या मुलीला मी सांगितलं, आधी फोनवरच्या किंडल ॲपमध्ये फुकटचं सॅम्पल उतरव. ते साधारण पहिल्या दहा टक्क्यांचं असतं, म्हणजे असल्या पुस्तकात सत्तर-ऐंशी पानं आरामात. तेवढ्यात जमलं तर पहिला भाग माझा ने, तो संपून दुसऱ्याची घाई झाली तर मग रीडरवर पैसे घाल.

माझा पहिला भाग नेलाय तिने. बदलापूरहून उभीने येते, त्यामुळे पुस्तक अजून पर्समधून बाहेर आलेलं नाही.