गस्तीसाठी इलेक्ट्रिक गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गाडी पोलिसांच्या कामाला चालेल का म्हटलं की सगळे आधी रेंज विचारतात. 60 किलोवॅट-तास बॅटरीच्या गाडीची शहरी गस्तीत रेंजवरून अडचण होत नाही. अडतं शिफ्ट बदलताना, आणि 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीपाशी.

गस्तीची गाडी पळते कमी, उभी राहते जास्त. एसी, वायरलेस सेट, लाइट बार, लॅपटॉप सगळं चालू ठेवलं तर साधारण 1 ते 1.5 किलोवॅट खर्च होतो. 8 तासांत 8 ते 12 युनिट, म्हणजे बॅटरीचा फार तर पाचवा हिस्सा. पेट्रोल गाडी तेवढाच वेळ एसी लावून उभी ठेवली तर 8-10 लिटर सहज जातं, इंजिनाची झीज वेगळीच. बंदोबस्ताला तर ही उत्तमच.

पाठलागात मात्र गणित फिरतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी 150 ला दर किलोमीटरमागे 100 च्या जवळपास दुप्पट वीज लागते. सप्टेंबर 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट पोलिसांच्या टेस्लाची बॅटरी पाठलागातच उतरली, त्याचा गाजावाजा झाला. कारण साधं होतं: ड्युटी सुरू होताना गाडी पुरती चार्ज नव्हती.

एकच गाडी तिन्ही शिफ्टमध्ये फिरवायची असेल तर 7.4 किलोवॅटचा चार्जर कुचकामी, त्याला पूर्ण चार्जिंगला 8 तास लागतात. डीसी फास्ट चार्जर हवाच. 80 टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तेव्हा 100 ची वाट बघत बसू नये. गाडी ताब्यात देताना किमान 70 टक्के, आणि 30 च्या खाली गेली की ठाण्यात परत, असा नियम घालावा आणि टक्केवारी लॉगबुकात लिहावी. जेवणाला किंवा कागदपत्रांना गाडी आली की लगेच चार्जिंगची गन लावायची. ही सवय लागायला वेळ लागतो, चार्जर बसवण्यापेक्षाही जास्त.

आता 12 व्होल्टची छोटी बॅटरी, जिच्यावर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स आणि दारांची कुलुपं चालतात. गाडी बंद केली की कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा मोठा स्विच, मोठ्या बॅटरीचा संबंध तोडतो. तरीही वायरलेस आणि रेकॉर्डर छोट्या बॅटरीतून वीज ओढत राहतात. ती बसली की मोठी बॅटरी 90 टक्के असूनही गाडी जागी होत नाही, दारंसुद्धा अडतात. उपाय एकच: पोलिसी उपकरणांना वेगळी सहायक बॅटरी, आणि 12 व्होल्टच्या आसपास लोड तोडणारा कट-ऑफ रिले. लाइट बारची वायर गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात) घुसवू नका, फ्यूजबॉक्समधून वेगळी लाइन घ्या. आरोपीसाठीची जाळी किंवा शस्त्राचा रॅक लावताना फरशीला ड्रिल मारू नका, खाली बॅटरी आहे. सीटचे मूळ बोल्टच वापरा. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलला हात लावायचाच नाही. वायरलेसवर खरखर आली तर अँटेनाचं अर्थिंग आधी तपासा.

मागे जाळी लावल्यावर जागा फार आखडते. फरशी उंच असल्याने उंच आरोपीचे गुडघे छातीशी येतात, म्हणून खरेदीआधी बसून बघावं.

वजन आणि टॉर्कमुळे टायर लवकर झिजतात. ब्रेक पॅड उलट टिकतात, पण रिजनरेशनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून वीज परत बॅटरीत भरते) ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबावा. दुभाजकावर चढवायची खोड असलेल्या चालकांना हे आधीच सांगा: बॅटरीखालची प्लेट वाकली की गाडी लिफ्टवर घेऊन तपासल्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही.

लांब पल्ल्याच्या महामार्गाला, जिथे वाटेत डीसी चार्जर नाही, तिथे अजून हायब्रिडच द्यावी.