रणजीसाठी घेतलेलं स्कोअर ॲप : वर्षभराचा अनुभव आणि ‘अनिर्णित’वरून झालेलं भांडण

परवा सकाळी मेसेज आला. क्रिकेटच्या स्कोअर ॲपची वर्गणी संपत आलीय, ऑटोपेने ६९९ रुपये कापले जातील. २०२४ च्या ऑक्टोबरात मी ४९९ भरले होते. दोनशे वाढवले, हरकत नाही, सगळंच वाढतंय. पण सामन्याच्या निकालाच्या ज्या एका ओळीसाठी मी मार्चपासून यांच्या मागे लागलेय ती अजून तशीच आहे. म्हणून आधी ऑटोपे बंद केलं आणि मग हे लिहायला बसले.

ॲपचं नाव लिहीत नाही, लिहिलं की बोलणं नावावरच अडकतं. बॉल-बाय-बॉल, वॅगन व्हील (फटके कुठे गेले त्याचं चित्र), चाहत्यांच्या गप्पांची खोली वगैरे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हे आयपीएलसाठी घेतलेलं नाही. मी नागपूरची, नोकरी ठाण्यात, आणि विदर्भाचे रणजी सामने टीव्हीवर लागतातच असं नाही. बाबा नागपुरात एकटे असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अक्षरं मोठी लागतात आणि मराठी लागते. या ॲपमध्ये दोन्ही आहे, शिवाय एका वर्गणीत दोन फोन चालतात. एवढ्यावरच पैसे भरले. बाबा अजूनही वहीत स्कोअर मांडतात, डाव्या पानावर आपला डाव, उजव्या पानावर समोरच्यांचा. ॲपवरून वाचतात आणि वहीत उतरवतात.

पहिले तीन महिने मी खूश होते. जानेवारीत एकदा मात्र वाटलं, आकडे गंडले. विजय हजारे करंडकाच्या फायनलआधी, तेव्हा विदर्भाकडून खेळणाऱ्या करुण नायरच्या नावापुढे सरासरी ७५२ दिसत होती. तक्रार लिहायला घेतली, पण पाठवण्याआधी सगळे डाव बेरजेला घेतले. ११२, ४४, १६३, १११, ११२, १२२, ८८. सात डावांत ७५२ धावा आणि बाद फक्त एकदा, उत्तर प्रदेशविरुद्धच्या ११२ वर. सरासरी काढताना धावांना कितीदा बाद झाला त्याने भागतात, म्हणजे आकडा बरोबर होता. फायनलमध्ये तो २७ वर बाद झाला, विदर्भ कर्नाटकाकडून ३६ धावांनी हरला, आणि ॲपने त्याच मिनिटाला सरासरी ३८९.५० केली. त्या दिवसापासून यांच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला आणि तो आजही आहे. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. रणजीच्या दोन्ही सेमीफायनलचा पाचवा दिवस. नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भ-मुंबई, अहमदाबादला केरळ-गुजरात. ऑफिसात माझ्या आजूबाजूला सगळे मुंबईवाले. मुंबईला ४०६ हवे होते. पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे काढले होते, तेव्हापासून टेबलावर कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. तो सामना आपण ८० धावांनी जिंकला. ॲपने ‘विदर्भ ८० धावांनी विजयी’ असं हिरव्या पट्टीत लिहिलं. उत्तम.

पण त्याच सकाळी दुसऱ्या सामन्यात जे चाललं होतं ते या ॲपला कळलंच नाही. केरळच्या ४५७ धावा. गुजरात सकाळी ७ बाद ४२९ वरून सुरू झालं. दोन्ही संघांचा दुसरा डाव पुरा होणं शक्य नव्हतं, म्हणजे सामना अनिर्णित, आणि बाद फेरीत तसं झालं की पहिल्या डावात जो पुढे तो फायनलला. अख्खा सामना त्या अठ्ठावीस-एकोणतीस धावांवर येऊन ठेपला होता. आदित्य सरवटे एकेक गडी काढत होता. हा सरवटे आपला, नागपूरचा. २०१८-१९ च्या फायनलमध्ये विदर्भासाठी अकरा बळी घेतलेला, त्या मोसमात केरळकडून खेळणारा. ९ बाद ४५५. गुजरातच्या नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. दोन धावांची आघाडी. केरळ पहिल्यांदाच रणजीच्या फायनलमध्ये.

ॲपवर काय दिसलं? ‘झे. बेबी गो. सरवटे.’ हेल्मेटचा पत्ता नाही. वर ‘विजयाची शक्यता’ म्हणून जी रंगीत पट्टी असते तिच्यात सकाळपासून ‘अनिर्णित ९८ टक्के’. संध्याकाळी निकाल : सामना अनिर्णित. राखाडी पट्टी. कोण पुढे गेलं, कशावर गेलं, एक शब्द नाही.

मग मी मागचे सामने उघडून पाहिले. क्वार्टरफायनल, पुणे, गहुंजे. जम्मू-काश्मीर २८०. केरळ ९ बाद २००, आणि तिथून याच सलमान निझारने बासिल थंपीला धरून शेवटच्या जोडीत ८१ काढल्या. केरळ २८१. एका धावेची आघाडी! ॲपमध्ये : सामना अनिर्णित, राखाडी पट्टी. रणजीच्या बाद फेरीत कुणी एका धावेवर पुढे जातं, मग दोन धावांवर, आणि चाहत्यांसाठीच बनवलेलं ॲप दोन्ही वेळा म्हणतं, काही निकाल लागला नाही. ज्याने पाच दिवस तो स्कोअर बोटाने वर ओढून ओढून पाहिलाय त्याला हे किती खुपतं ते सांगता येत नाही.

फायनल जामठ्याला, आपलं अंगण. ३ बाद २४ वरून दानिश मालेवार आणि करुणने २१५ जोडल्या, मालेवार १५३, आपले ३७९. केरळकडून सरवटेच ७९ करून गेला. सचिन बेबी ९८ वर मिडविकेटला झेल देऊन बाद झाला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, हातपाय थरथरत होते. केरळ ३४२. सदतीस धावांची आघाडी. पुढे करुणचे १३५, आणि २ मार्चला दुपारी खेळ थांबला. विदर्भाचा तिसरा रणजी करंडक. त्या मोसमात आपल्या हर्ष दुबेचे ६९ बळी, एका मोसमात इतके आजवर कुणी घेतले नव्हते.

पाचच मिनिटांत बाबांचा फोन.

“अगं, इथे अनिर्णित दाखवून राहिलंय. मग कप कोणाला?”

“आपल्याला, बाबा. आघाडी आपली ना.”

“ते मला ठाऊक आहे. पण इथे कुठे लिहिलंय? दोघांना अर्धा अर्धा तर नाही दिला?”

बाबा १९६० च्या आसपासपासून विदर्भाचे सामने पाहतायत. संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, पहिला करंडक २०१८ च्या १ जानेवारीला, इंदूरला. साठ वर्षं ज्याने हरणंच वहीत लिहिलं, त्याला तिसऱ्या करंडकाच्या दिवशी राखाडी पट्टी बघावी लागली. मला रडू आलं, खरंच सांगते.

त्याच रात्री तक्रार लिहिली. उत्तर आलं, नियमांनुसार सामना अनिर्णितच आहे. मी लिहिलं, नियम मलाही कळतो, अनिर्णित ठेवा, पण खाली ‘पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ विजेता’ एवढी एक ओळ द्या. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.’ एप्रिलमध्ये तेच. जूनमध्ये तेच, आणि वर तक्रार बंद केल्याचा मेसेज. मी परत उघडली. या वेळी साखळीचा गुणतक्ता जोडला. त्यात अनिर्णित सामन्यात आघाडीवाल्याला ३ आणि दुसऱ्याला १ गुण हे यांचं ॲप बरोब्बर मांडतं. म्हणजे आघाडी कोणाची हे यांच्या यंत्राला ठाऊक आहे, फक्त निकालाच्या ओळीत यायचं नाव नाही. त्यावर आजतागायत उत्तर नाही.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी बेताची खातं. वर्गणीवाल्यांना जाहिराती नाहीत हे खरं आहे. स्कोअर पंधरा-वीस सेकंद मागे असतो, रणजीला चालतं. सूचना कधी कधी दोनदा वाजते.

गप्पांच्या खोलीबद्दल मात्र मला मत बदलावं लागलं. मी ती सुरुवातीला बंदच ठेवली होती, आयपीएलच्या शिवीगाळीमुळे. ‘फक्त देशांतर्गत’ असा वेगळा कोपरा आहे हे डिसेंबरात कळलं. तिथे पन्नासेक माणसं असतील, पण कसली माणसं! हेल्मेटचा किस्सा मला ॲपने नाही, तिथल्या एका केरळवाल्याने सांगितला, तोही तो चेंडू पडल्यावर मिनिटाभरात. फायनलनंतर त्यानेच सगळ्यांत आधी अभिनंदन लिहिलं आणि खाली एवढंच, “तुमच्या सरवटेला आम्ही नीट सांभाळू.” ते मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते वहीत उतरवून ठेवलंय. वर्षभरात ॲपने मला काही दिलं असेल तर तो कोपरा, आणि तो चालवतात चाहतेच, कंपनीचा त्यात हात नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात इराणी करंडकही आपण जिंकला, शेष भारताला ९३ धावांनी हरवून. हिरवी पट्टी आली. बाबा म्हणाले, “आता सुधारलं वाटतं.” नाही बाबा, हा सामना सरळ जिंकला म्हणून. परवा ॲप अपडेट झालं तेव्हा मी सगळ्यात आधी २ मार्चचा सामना उघडला. पट्टीचा रंग बदललाय, राखाडीची निळसर झाली. शब्द तेच.

वर्षाचे ६९९ मी भरणार नाही. महिन्याची ७९ ची वर्गणी आहे, ती बाद फेरीपुरती फेब्रुवारीत घेईन, तीही बाबांच्या मोठ्या अक्षरांसाठी. साखळी सामन्यांना क्रिकेट मंडळाच्या साइटवर स्कोअर फुकट दिसतो, तो मी ठाण्याहून त्यांना फोनवर सांगेन. त्यांच्या वहीत त्या फायनलच्या पानाखाली लाल शाईने लिहिलंय : ‘अनिर्णित. विदर्भ ३७ ने पुढे. कप आपला.’ त्या पानाचा फोटो मी परवाच्या तक्रारीला जोडून पाठवलाय. तक्रार अजून उघडी आहे.