बेळगावच्या टिळकवाडीतला जिउ-जित्सू क्लास: तालमीतल्या पोरांना घालावं का?

घालावं, पण पावसाळ्यात. जत्रांची मैदानं संपली की घालायचं आणि दिवाळी झाली की काढून घ्यायचं. माझं मत एवढंच. का ते ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी पुढचं. जिउ-जित्सू म्हणजे जमिनीवर झुंजून, गळा आवळून नाहीतर सांधा उलटवून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. संध्याकाळी गावच्या तालमीत पोरांना बघतो. आमच्या भागाला कुस्ती नवी नाही. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, १९५९ साली गदा आणली. पण ते तयार झाले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत, आणि आजही पोरगा जरा चमकला की आपण त्याला कोल्हापूरची गाडी दाखवतो. मागं राहतात ती पोरं मोबाईलवर यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या, बघतात. त्यांनीच धोशा लावला म्हणून या क्लासला गेलो, आणि नुसता बाकड्यावर बसलो नाही, पोरांबरोबर मॅटवरही उतरलो.

क्लास तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. वर मात्र स्वच्छता चोख. प्रत्येक बॅच झाली की मॅट औषध घालून पुसतात. आपल्या हौद्यातल्या मातीत हळद, कापूर, ताक, लिंबू, तेल पडतं. मॅटमध्ये यातलं काही नसतं, त्यामुळं एकाला गजकर्ण झालं की सगळ्या बॅचला व्हायला वेळ लागत नाही. आमच्या एका पोराच्या मानेवर चट्टा दिसला तर कोचनं त्याला दारातूनच परत पाठवलं, बरा झाल्यावर ये म्हणाला. पोरगं फुगलं. मला पटलं.

आता मुद्द्याचं. पैलवानाला इथं सगळ्यात जड जाते ती पाठ. आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली, म्हणून खाली गेलं की अंग आपोआप पालथं होतं. इथं पालथं झालात की मागचा माणूस दोन्ही पाय आत घालतो, चार गुण घेतो आणि हात गळ्यात. आमचं ऐंशी किलोचं पोरगं साठ किलोच्या कॉलेजच्या मुलाकडून असं पुन्हा पुन्हा सापडलं. शेवटी वैतागून मला म्हणालं, "काय ओ काका, उताणं पडूनच जिंकतात व्हय हितं?" जिंकतात. समोरचा मुद्दाम खाली बसतो, पायांत कंबर अडकवतो आणि वाट बघतो.

दुसरी खोड मानेची. दुहेरी पटाला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडायला, आपण डोकं खाली घालून घुसतो. इथं घुसलं की गळा काखेत जातो. महिनाभरात पोरं मान वर ठेवून, पाठ सरळ ठेवून पटाला जायला लागली. मॅटवरच्या कुस्तीतही हा पट जास्त चांगला. समोरच्याला डोकं दाबून खाली ढकलता येत नाही. मला तरी पैसे इथंच वसूल झाले. सवारी (पालथ्या गड्यावर बसून पायानं जखडणं) चांगली असलेल्या पोरांना मागून ताबा ठेवायचं जवळजवळ शिकवावंच लागलं नाही. कोच त्यांचे पाय बघून खूश.

गुणांचा हिशोब पोरांना आधी सांगून ठेवा. इथं पट काढून खाली पाडलं आणि तीन सेकंद दाबून धरलं तर दोन गुण. पण त्याच्या पायांचं कुंपण ओलांडून बाजूला गेलं तर तीन, छातीवर चढलं तर चार. म्हणजे पाडणं ही सुरुवात. आमची पोरं पाडून झालं की उठून सलामीला हात करायची! आणि कंबरेला लटकलेल्याला उचलून आपटायचं नाही, स्पर्धेत सरळ बाद करतात. हे ज्याला मैदानात शिट्ट्या मिळवायची सवय आहे त्याच्या पचनी पडत नाही.

थाप मारायची, म्हणजे हातानं थोपटून हार मानायची, शिस्त पहिल्याच दिवशी शिकवतात. आपल्या पोरांना ती फार गरजेची. कोपर उलटं होत आलं तरी आमचा एक गडी दात खाऊन गप्प. कोचनंच हात सोडला आणि म्हणाला, "पैलवान, हात तुझा आहे, लग्नात जेवायला लागतो." तो गोव्याचा, पर्पल बेल्टवाला, म्हणजे या खेळातल्या मधल्या पायरीचा. मराठी, कोंकणी, हिंदी सगळं मिसळून बोलतो, कानडी पोरांना खुणेनं समजावतो.

तक्रारी आहेत. जागा कमी म्हणून बरेचसे राउंड गुडघ्यावर बसून सुरू करतात. पैलवानाची ताकद उभ्यात. तिथंच त्याला बसवलं तर काय उपयोग? उभ्यानं राउंड मागून घ्यावे लागतात. सुरुवातीच्या व्यायामात जोर-बैठकावाल्याला घामसुद्धा येत नाही. गाणी फार मोठ्यानं. फी महिना अडीच हजार, वर तो जाड कापडाचा कोट-विजार वेगळा. कोट घेऊ नका. मातीत लंगोट धरून घिस्सा मारता येतो हे खरं, पण मॅटवर फ्रीस्टाईलला कपडा धरता येत नाही, मग कॉलर धरायची सवय लावून करायचं काय? बिनकोटाची बॅच आठवड्यातून तीन संध्याकाळी असते, तीच धरा.

दिवाळीनंतर काढून घ्या म्हणालो त्याचं कारण असं. चार महिने तिथं लोळलेल्या पोराला पाठ लागण्याची भीतीच राहत नाही. तालमीत परत आल्यावर आमचा एकजण आरामात खांद्यावरून गडगडत सुटायला बघायचा. जिउ-जित्सूत ती सुटका, फ्रीस्टाईलमध्ये समोरच्याला फुकटचे दोन गुण, आणि मातीत तर चितपट. निवड चाचणी तोंडावर असताना ही सवय मोडत बसायला वेळ कुणाला आहे? पंधरा-सोळाच्या आतल्या पोरांना तर मी पाठवणारच नाही. आधी कुस्ती हाडात मुरू दे.

खानापूरकडच्यांना रात्रीची बॅच जमत नाही, परतीच्या गाडीची पंचाईत होते. रविवारी सकाळी फक्त पैलवानांची, उभ्यानं सुरू होणारी बॅच काढा म्हणून कोचला विचारलंय. दहा पोरं आणा, फी अर्धी करतो म्हणालाय. आमची सहा आहेत. येळ्ळूर, कंग्राळी, उचगावकडच्या तालमींतून कुणी येणार असेल तर खाली कळवा.