वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: खाडी त्यांची, वल्हीही त्यांच्याच हातात

बँकेत बचत गटांची खाती सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. शिलाई मशीन, पापड, मसाला यांच्यासाठी कर्जं दिली. पुष्कळ गट वर्षा-दोन वर्षांत थंडावले, कारण माल कुठे विकायचा हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार कुटुंबांतल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात असं ऐकलं, तेव्हा जायचंच ठरवलं.

बंदराजवळच ही खाडी समुद्राला मिळते. स्वामिनी महिला बचत गट ही सफर चालवतो. होडीला इंजिन नाही, बायकाच वल्हवतात. आधी लाइफ जॅकेट अंगावर चढवतात, मगच होडीत पाऊल. मी जरा बिचकत बसले, तर मागून आवाज आला, "घाबरू नकात काकी, खाडी आमचीच आसा."

आवाज नसल्यामुळे बगळे, खंड्या अगदी जवळून दिसतात. दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी मोटरबोटीने फिरले होते. तिथे भर्रकन एक चक्कर मारून आम्हाला उतरवून दिलं, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. इथे उलट, विचाराल तेवढं सांगतात. कांदळ, तिवर, चिप्पी, मारांडी ही झाडांची नावं तर सांगतातच, शास्त्रीय नावंही न अडखळता येतात. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे मला होडीतच कळलं.

एका ठिकाणी वल्हं चिखलात रोवून होडी थांबवली. वल्हवणाऱ्या ताईंनी तिवराचं एक पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जिभेक लावन बघा." पान खारट! मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पुढे कांदळाच्या फांदीला शेवग्याच्या शेंगेसारखे लांब हिरवे कोंब लोंबत होते. बी झाडावर असतानाच रुजते, कोंब खाली चिखलात पडला की तिथेच उभा राहतो, नाहीतर भरतीबरोबर दुसरीकडे जातो. मुळांना कालवं चिकटलेली होती. कोळंबीची आणि माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. म्हणजे ही झाडं गेली तर जाळ्यात यायला मासळी उरणार नाही, हे या बायकांना कुणी शिकवायची गरजच नव्हती.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. नवा धंदा त्यांच्यावर लादला नाही, त्यांना ठाऊक असलेल्या खाडीलाच उत्पन्नाचं साधन केलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, एरवीही होडी कधी रिकामी परतते, आणि मासळीच नसली तर बाजारात बसून विकणार काय? पर्यटनाच्या हंगामात येणारा हा पैसा घराला मोठाच आधार. सुरुवातीला युएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, सिंधुदुर्गातल्या प्रकल्पाचा हात मिळाला. 2017 पासून राज्याच्या वनविभागातल्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजनाही आहे. खेकडापालन, कालवंपालन, पर्यटन अशा कामांना गटाला 90 टक्के अनुदान, 10 टक्के स्वतःचे. हे 10 टक्के मला फार महत्त्वाचे वाटतात. स्वतःचा पैसा अडकला की माणूस धंद्याला जपतो, हे मी काउंटरच्या मागून पाहिलं आहे.

सवयीने विचारलंच, "ताई, हिशोबाची वही कोण लिहितं?"

"आमीच लिवतंव. सगळ्यांका वाटून घेतंव."

सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर हॉटेलं, रिसॉर्टं खूप आली, पण तिथे स्थानिक बाई बहुतेक वेळा खोल्या झाडायला असते. इथे ती मालकीण आहे. मला पाच तारे द्यायला एवढं पुरे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ऐनवेळी जाऊन हट्ट धरू नका. टोपी आणि पाणी बरोबर घ्या. वेगाची मजा हवी असेल त्यांनी येऊ नये, मुलांना मात्र जरूर आणावं. दरात घासाघीस करू नका, ऊन डोक्यावर घेऊन वल्हवणं म्हणजे काय ते होडीत बसल्यावर दिसेलच. आणि मासे घ्यायचे असतील तर वेंगुर्ल्याच्या बाजारात सकाळीच जा.