तामियाचा मेटल प्रायमर: पितळी शे इंजिनावर वापरून पाहिला

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात, पेंट शॉपला होतो. तिथे लोखंडावर रेड ऑक्साइड मारायचं, वर पुट्टी, मग घासकाम. थर थोडा जाड झाला म्हणून कुणी ओरडत नसे. छोट्या मॉडेल इंजिनाचा हिशेब वेगळा. एचओ हे मॉडेल रेल्वेचं माप, म्हणजे 1:87. इथे 0.1 मिमीचा थर चढला, तर खऱ्या इंजिनावर तो 8.7 मिमीचा झाला! रिव्हेट शोधत बसा मग. एका मित्राने मोटारींना मारतात तो करडा प्रायमर वापरला होता, त्याच्या इंजिनाची पार पुरणपोळी झालीय.

भाच्याने अमेरिकेहून जुनं पितळी शे इंजिन आणलं. जपानच्या युनायटेडने बनवलेलं, पॅसिफिक फास्ट मेलने विकलेलं. जंगलातले ओंडके ओढणाऱ्या या इंजिनाचे सिलिंडर उजवीकडे उभे, तोल राखायला बॉयलर डावीकडे सरकवलेला, आणि बाजूचा लांब दांडा दातेरी चाकांमधून एकूणएक अ‍ॅक्सल फिरवतो. जिकडे बघाल तिकडे सांदीकोपरे.

त्यासाठी जपानच्या तामिया कंपनीचा हा 100 मिलिचा स्प्रे घेतला. प्रायमर पारदर्शक आणि अगदी पातळ. मारल्यावरही पितळ पितळच दिसतं, रिव्हेटची टिकली न टिकली शाबूत. वर एअरब्रशने काळा दिला, दोन दिवसांनी मास्किंग टेप चिकटवून खस्सकन ओढली. रंग उचलला नाही. पेंट शॉपात आम्ही हीच परीक्षा घ्यायचो.

एक गैरसोय आहे. पारदर्शक असल्याने कुठे बसला, कुठे सुटला, कळत नाही. ट्यूबलाइटखाली इंजिन तिरपं धरून चकाकी बघत जावं लागतं. चष्मा असेल तर पुसून घ्या.

तयारीला मात्र पर्याय नाही. जुन्या पितळी मॉडेलांवर बऱ्याचदा कारखान्यातच लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेलं असतं. मोटर आणि गिअर बाहेर काढून ते थिनरने उतरवायचं. मग भांड्यांचा साबण, टूथब्रश, थोडा वेळ व्हिनेगर, पुन्हा स्वच्छ पाणी. वाळल्यावर उघडं बोट लावायचं नाही. चाकांच्या धावा झाकायच्या, कारण रुळातली वीज तिथूनच वर येते. काहीजण रंग ओव्हनमध्ये भाजून पक्का करतात. पण या मॉडेलांचे सांधे जोडणारं नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळू लागतं, आणि घरच्या ओव्हनच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी आपला टेबललॅम्पखाली वाळवला.

ज्वलनशील स्प्रे असल्याने विमानाच्या सामानातून आणता येत नाही. इथल्या हॉबीच्या दुकानात मिळतो, पण महाग. पावसाळ्यात मारूच नका, दमट हवेत वरचा रंगही पांढुरका पडतो.

काळ्या वाफेच्या इंजिनाला डोळे मिटून घ्या. पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्यांचं डिझेल असेल, तर यावर करड्या प्रायमरचा एक झिरझिरीत हात हवाच, नाहीतर खालचं पितळ रंगाची छटा बदलतं. म्हणजे दोन डब्यांचा खर्च धरा.