जगभरच्या जेवणाचा शनिवार-रविवार: खरेदीला इतवारीतच जा

शनिवार-रविवारी घरी परदेशी पद्धतीचं जेवण करायचं म्हटलं की नागपुरात बहुतेक जण आधी मॉलमधल्या आयात मालाच्या कपाटापुढे उभे राहतात. माझं सांगणं आहे, तिकडे जाऊच नका. इतवारीत जा. किराणा ओळ, मस्कासाथ, मिरची बाजार असं पायी फिरा, पोत्यांतून काय काय उघडं मांडलंय ते पाहा आणि मग ठरवा, या आठवड्यात कोणत्या देशाचं जेवायचं. माल ताजा मिळतो, डोळ्यांसमोर तोलून मिळतो, आणि दोन दिवसांच्या जेवणाचं सामान त्या कपाटातल्या तीन-चार बाटल्यांच्या पैशात येतं.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे या ओळीत फिरताना मला नकाशाच दिसतो. मिरची, मका, टमाटर, राजमा, फल्ली म्हणजे शेंगदाणा, आलू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिकं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि मग आत विदर्भापर्यंत पोचली. ज्वारी आणि चवळी त्याच्याही हजारो वर्षं आधी आफ्रिकेतून आली. म्हणजे मेक्सिको आणि इथिओपियाचा शिधा आपल्या इतवारीत पोत्यांनी पडलेला आहे. जपानचा नाही. जपानी सूपचा पायाच कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेला बोनितो मासा यांच्यावर असतो, ते इथे कुठून मिळणार? म्हणून तो देश मी यादीतच घेत नाही. जे इथे उत्तम मिळतं त्याचंच जेवण करावं, म्हणजे पाहुण्यांना ‘त्यासारखं काहीतरी’ न वाढता खरं ते वाढता येतं.

गुरुवारी शाळा सुटली की मी निघते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असलं की बर्डीकडचे रस्ते कधी बंद, कधी वळवलेले, त्यामुळे गाडी काढण्यात अर्थ नसतो. शंकर नगरहून मेट्रो धरायची आणि चितार ओळीला उतरायचं. तिथून पुढे इतवारी पायी. दोन मजबूत कापडी पिशव्या आणि चार-पाच छोटे रिकामे डबे सोबत हवेत. मसाले कागदाच्या पुडीत बांधून आणले की घरी येईपर्यंत सगळ्यांना एकच वास लागतो.

सुरुवात मिरचीपासून. मिरची बाजारात शिरल्या शिरल्या ठसका लागतो, तेवढा सोसावा. मी ज्यांच्याकडून घेते ते भाऊ आधी विचारतात, “ताई, रंग पाहिजे का तिखट?” मी म्हटलं, “भाऊ, दोन वेगवेगळ्या द्या, एक अशी आणि एक तशी.” त्यांनी लगेच दोन पोत्यांतून एकेक मिरची काढली, मधून मोडली आणि नाकाशी धरायला दिली. एक भिवापुरी, आपल्याच जिल्ह्यातली, रंग आणि झणका दोन्ही असलेली. दुसरी ब्याडगी, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला मवाळ. मिरची अशी मोडून, हुंगून घेता येते यासाठीच मी इतवारीला पूर्ण गुण देते. बंद पाकिटावर तारीख छापलेली असते, पण बी काळं पडलंय की पिवळंधमक आहे ते दिसत नाही.

भिवापुरी मला बर्बेरेसाठी हवी होती. बर्बेरे म्हणजे इथिओपियाचा रोजचा लाल मसाला. त्यात मिरचीबरोबर मेथी, धणे, आलं, लसूण, वेलची, लवंग, दालचिनी, मिरे असतात, आणि ओवा नि कलौंजीही. हे सगळं किराणा ओळीत एकाच दुकानात मिळालं, कारण सावजी मसाल्याचं सामान विकणाऱ्याकडे यातलं काही नसेल असं होतच नाही. तिथली कोरारिमा नावाची वेलची मात्र मिळत नाही. तिच्या जागी मी साधी हिरवी वेलची घेते. मसाला वेलची घेऊ नका, तिला धुराचा वास असतो आणि तो पुऱ्या मसाल्यावर चढतो.

दुकानदार घाऊकवाले आहेत, हे धरून चालावं. काही जण अर्ध्या किलोखाली हात लावत नाहीत. पण शांतपणे सांगितलं की घरच्यासाठी करून पाहायचंय, तर बहुतेक जण शेजारचा किरकोळवाला दाखवतात. मी कलौंजी पन्नास ग्रॅम मागितली तेव्हा काकांनी विचारलं, “नान के लिये चाहिये क्या दीदी?” मी इथिओपियाचं सांगितलं. त्यांनी गल्ल्यावरचं काम थांबवून सगळं नीट ऐकून घेतलं आणि ओवा बदलून दिला, म्हणाले हा नवा आहे, तो राहू द्या. असं दुकान कुठल्याही शहराला भूषणच आहे.

ज्वारीचं पीठ तयार घेऊ नये. ज्वारी घ्यावी आणि ओळखीच्या चक्कीतून बारीक दळून आणावी. इथिओपियाची इंजेरा ही पोळी खरी टेफ नावाच्या बारीक धान्याची, पण टेफ महाग पडतं म्हणून तिथेही ज्वारी मिसळतात. तेव्हा ज्वारीची इंजेरा करणं ही काही तडजोड नव्हे. गुरुवारी रात्री पीठ पातळसर भिजवायचं. आपल्या थंडीत ते सहज आंबत नाही, म्हणून मी पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते. शनिवारी सकाळपर्यंत आंबट वास येतो आणि वर बुडबुडे धरतात. मग वाटीभर पीठ काढून पाण्यात शिजवायचं, त्याची खीर झाली की थंड करून परत पिठात घालायची आणि तासभर थांबायचं. ही तिथलीच रीत आहे, तिला अब्सित म्हणतात. ज्वारीत चिकटपणा नसतो, तो या खिरीने येतो. ही पायरी गाळली तर पोळी तव्यावरून तुकड्यांनीच निघते. बीडाच्या किंवा मातीच्या तव्यावर बाहेरून आत गोल ओतायचं, वर डोळे पडले की झाकण, आणि उलटायचं मुळीच नाही.

सोबत मिसिर वत, म्हणजे मसूर डाळ. तिच्यात शिकण्यासारखी गोष्ट कांद्याची आहे. भरपूर कांदा बारीक चिरून आधी कोरड्या पातेल्यात, तेलाचा थेंब न घालता, मंद आचेवर परतत राहायचा. लागायला लागला की पाण्याचा हबका. अर्ध्या-पाऊण तासात तो विरघळून तपकिरी लगदा होतो, तेव्हा कुठे तेल आणि बर्बेरे. ज्यांना सावजीच्या रश्श्याचा अभिमान आहे त्यांनी हे एकदा करून पाहावंच. आपण तेलात जे साधतो ते तिथे नुसत्या कांद्याच्या अंगच्या पाण्यावर साधतात. माझ्या सासूबाई पूर्ण शाकाहारी. त्यांना मी सांगितलं, की तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी मांस, दूध, तूप काहीच चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे डाळी आणि भाज्यांचे इतके प्रकार झाले. आईंनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “मग हे आपलंच समज.” त्यांनी दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली.

शनिवारी रात्री मेक्सिको. इथे मका कोणता घेता यावर सगळं अवलंबून आहे. स्वीट कॉर्न नको, लाह्यांचा मका नको; पोत्यातला साधा पिवळा, कडक वाळलेला मका हवा. आणि तयार मक्याच्या पिठाची पोळी थापायला गेलं की ती तडकते, कारण ते पीठ चुन्यात शिजवलेलं नसतं. मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. त्याने वरचं साल सुटतं, पिठाला धर येतो, आणि दाण्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि जे गरीब निव्वळ मक्यावर जगत होते त्यांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. इतकी महत्त्वाची वस्तू आपल्याकडे पानठेल्यावर मिळते. खाण्याचा पांढरा चुना मागून घ्यायचा. अर्धा किलो मक्याला दीड-दोन लिटर पाणी आणि एक लहान चमचा चुना पुरतो.

शुक्रवारी रात्री अर्धा-पाऊण तास उकळून झाकून ठेवलं. शनिवारी सकाळी हातांनी चोळून तीन-चार पाण्यांनी धुतलं, सालं वाहून गेली, मका निथळून फ्रिजमध्ये. संध्याकाळी पाट्यावर वाटला. मिक्सरमध्येही होतो, पण पाणी जास्त लागतं आणि गोळा सैल पडतो. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा अजून आहे त्यांनी तो यासाठी तरी बाहेर काढावा. दुधाची पिशवी धुऊन, कापून तिचे दोन तुकडे घ्यायचे, मधे लिंबाएवढा गोळा ठेवायचा आणि वरून जड तळाच्या पातेल्याने दाबायचं. तवा चांगला तापलेला हवा. पहिली पोळी फुगली तेव्हा जो वास सुटला तो मक्याच्या भाकरीचा नव्हता. वेगळाच, ओल्या मातीजवळ जाणारा. लेक स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून मीठ लावून दोन खाऊन गेली.

आत घालायला चित्रा राजमा. मेक्सिकोतल्या पिंटो दाण्याच्या तो फार जवळचा आहे. तो रात्रभर भिजवून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून, कांद्याबरोबर घोटून घेतला. टमाटर, कांदा, लसूण तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजायचे, कोमट पाण्यात भिजवलेल्या ब्याडगीबरोबर वाटायचे, वरून लिंबू आणि हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. तिथल्या अँचो मिरचीला जी मनुकांसारखी गोडी असते ती ब्याडगीत नाही, हे खरं. पण रंग आणि मवाळपणा जुळतो.

रविवारी सकाळी शाक्शुका, ट्युनिसियातली. टमाटर, शिमला मिरची, जिरं, लाल तिखट यांचा दाट रस्सा आणि त्यात फोडलेली अंडी, पावाबरोबर. अर्ध्या तासाचं काम. दोन मोठ्या जेवणांच्या मधे असं सोपं काहीतरी असलंच पाहिजे, नाहीतर रविवार चुलीपुढेच जातो.

दुपारी माफे. माली, सेनेगल भागातला फल्लीचा रस्सा. तेलबियांच्या गल्लीत सोललेली फल्ली घेताना एक दाणा चावून पाहावा, खवट असेल तर लगेच कळतं. मंद भाजायची, सालं पाखडायची आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत इतकी फिरवायची की स्वतःचं तेल सोडून ती लोण्यासारखी होते. बाजारातलं पीनट बटर बहुधा गोड असतं, ते इथे अजिबात चालत नाही. कांदा, टमाटर, मिरची परतून त्यात हे फल्लीचं लोणी आणि पाणी, मग रताळं, गाजर, पत्ताकोबीचे मोठे तुकडे. आम्ही निम्मा रस्सा आईंसाठी बाजूला काढला आणि उरलेल्यात कोंबडी घातली. मंद आचेवर ठेवलं की हळूहळू वर तर्री येते. तर्री आली की झालं, तिथेही हीच खूण धरतात. सोबत साधा भात. माझ्या नवऱ्याच्या मते दोन दिवसांतलं सगळ्यांत उत्तम जेवण हेच, आणि माझंही तेच मत आहे.

गोकुळपेठेच्या बाजाराबद्दलही लिहायला हवं. भाजी तिथे अतिशय देखणी असते. झुकिनी, ब्रोकोली, लेट्यूस, लाल-पिवळी शिमला मिरची हे सगळं एका फेरीत मिळतं. भाव चढे असतात, पण निवडून घेऊ देतात. मी तिथून शाक्शुकासाठी शिमला मिरची आणि कोशिंबिरीसाठी संत्री घेतली. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत ऐन भरात असतात. सिसिलीत संत्र्याच्या चकत्या, कांदा, ऑलिव्ह, मीठ, मिरे आणि ऑलिव्ह तेल अशी कोशिंबीर करतात. आपलं संत्रं सैल सालीचं, चकत्या नीट पडत नाहीत. म्हणून फोडी सोलून, बिया काढून घातल्या. ऑलिव्ह आणि त्याचं तेल तेवढं मला मॉलमधून आणावं लागलं. माफेच्या जड रश्श्याशेजारी ही कोशिंबीर इतकी छान लागली की आता घरी संत्री आली की आधी चार बाजूला काढली जातात.

कोणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: रविवारी घाऊक दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी गर्दीत काहीच हुंगून घेता येत नाही. गुरुवार दुपार उत्तम. पाच-सहा माणसांना एक किलो ज्वारी, अर्धा किलो मका, पाव किलो चित्रा राजमा, अर्धा किलो मसूर डाळ, अर्धा किलो फल्ली आणि दोन्ही मिरच्या पाव-पाव किलो पुरतात. मिरच्या उरतात, त्या उन्हात एक दिवस वाळवून काचेच्या बरणीत भरा. मक्याच्या पोळ्या चार जास्त करा. त्यांचे तुकडे तळून उरलेल्या टमाटर-मिरचीच्या वाटणात परतले की सोमवारच्या डब्याचंही काम होतं. मेक्सिकोत त्याला चिलाकिलेस म्हणतात आणि सकाळच्या नाश्त्याला खातात.